शेवटचं पाखरू

तुम्हाला पटो न पटो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलं, आणि त्यानंच मला सांगितलं. सांगताना त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

थंडी सुरू झाली होती. दिवस लवकर मावळायचा.

मामाच्या घराच्या मागच्या खोलीत लेथ मशीन होतं. त्यावर लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशीनं कातत जायचं. मामा पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे करायचा. नाजूक काम मामीचं. बोटाएवढी पाखरं, थेंब, घंटा. हे विकायला नाही, तर कुणाकडे काही चांगलं झालं की भेट द्यायला.

"तुमचा हात पलंगाचा, माझा पाखराचा," ती त्याला चिडवायची.

पाखराचं पोट ती आतून कोरून इतकं पातळ करायची की दिव्यासमोर धरलं तर उजेड आरपार दिसायचा. शेपटी तर सुईसारखी. पटाशी जराशी जास्त लागली की काडकन मोडणार. तेव्हा मामानं शेजारी दिवा धरून उभं राहायचं आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, माझ्या मामेबहिणीला, बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. तिला मी ताई म्हणतो. आधी दोनदा गर्भ पडला होता, म्हणून ती माहेरीच येऊन पडून होती. मामीनं बाळाच्या पाळण्यावर टांगायला पाखरांचं चिमणाळं करायला घेतलं.

निम्मी पाखरं झाली... आणि मामी तापानं पडली.

आठवड्याभरात सगळं आटोपलं.

काही दिवसांनी मामानं उरलेली चार पाखरं स्वतः करायला घेतली. दुपारभर खपला. शेपटी मोडली. दुसरं लाकूड घेतलं, तेही मोडलं. शेवटी मशीन बंद करून, तोंड धुऊन तो ताईजवळ चहा घेत बसला. बाहेर अंधारून यायला लागलं होतं.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

घर्रर्र.

"बाबा, मशीन चालू राहिलंय का?"

मामा उठून गेला. मशीन बंद होतं. पण हात लावला तर... गरम.

खाली ताज्या ढलप्या पडल्या होत्या. कांद्याच्या सालीसारख्या पातळ. मामाच्या हातून असली ढलपी उभ्या जन्मात निघाली नव्हती.

आणि मशीनवर एक पूर्ण पाखरू होतं. शेपटी शाबूत.

मामा घाबरला नाही. त्यानं ते पाखरू गालाला लावलं आणि लहान पोरासारखा रडला.

त्या रात्री झोपण्याआधी त्यानं मामीचं कपाट उघडलं. रोज उघडायचा. तिच्या साड्यांना तिचा वास होता, तेवढाच आधार.

साड्या होत्या.

वास नव्हता.

दुकानातून आत्ताच आणल्यासारखं कोरं कापड.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा घर्रर्र... आणखी एक पाखरू. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरचं मामीचं अक्षर गेलं. चिठ्ठ्या तिथेच चिकटलेल्या, पण पांढऱ्याफटक.

मामाला वाटलं, ओल लागली असेल.

तिसऱ्या दिवशी पाखरू झालं, आणि ताईच्या खोलीतून किंचाळी ऐकू आली.

तिच्या मोबाइलमध्ये आईच्या आवाजातला एक निरोप होता. "ठमे, जेवलीस का गं? की पुन्हा पुस्तकात नाक खुपसून बसलीस?" ताई रोज तो ऐकूनच झोपायची. आता तो लावला की नुसती खरखर.

"बाबा, आईचा आवाज गेला," ती म्हणाली. "आणि मला तो... आठवतही नाहीये."

मामानं आठवून पाहिलं. शब्द सगळे आठवत होते. आवाज नव्हता.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. एकेक पाखरू करायला ती स्वतःतलंच काहीतरी काढून घालत होती. मशीनवर लाकूड नाही, तीच कातली जात होती.

एक पाखरू उरलं होतं.

मामानं मशीनचा पट्टा काढला. वायर उपटली. खोलीला कुलूप घातलं आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसला.

अंधारून आलं...

घर्रर्र.

पट्टा त्याच्या मांडीवर होता.

"अगं, पुरे," तो दाराला म्हणाला. "एक पाखरू कमी असलं म्हणून बाळाचं काय अडणार आहे? सगळंच देऊन टाकशील तर मी काय करू?"

आवाज थांबला.

मग आतून पटाशीचा दांडा टेबलावर दोनदा आपटल्याचा आवाज आला. ठक. ठक.

दिवा धरा, हे सांगायची तिची ती खूण होती.

भिंतीला धरत धरत ताई तिथे आली. तिला उठायचीही मनाई होती.

"दार उघडा, बाबा."

"तुझी आई संपतेय गं."

"कळतंय मला. पण ती ऐकणार आहे का? जिवंतपणी कधी कुणाचं ऐकलं तिनं? निदान एकटीला नका करायला लावू."

मामानं कुलूप काढलं.

आत कुणीच नव्हतं. लाकूड मात्र फिरत होतं... पट्ट्याशिवाय, विजेशिवाय. ढलप्या हवेतून सुटून अलगद खाली पडत होत्या.

मामानं दिवा पेटवला आणि नेहमीच्या जागी उभा राहिला. ताई स्टुलावर बसली. दोघं श्वाससुद्धा जपून घेत होते.

शेपटी बारीक होत गेली. आणखी बारीक.

मग लाकूड थांबलं.

मामानं इथवर सांगितलं, तेव्हा मी न राहवून विचारलं, "मामी दिसली का रे?"

"उजेडात कुणीतरी होतं," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून हसलंसुद्धा. खूप जवळचं माणूस होतं, एवढं कळलं. पण चेहरा..."

तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

घरी येऊन मी जुने फोटो काढले. ताईच्या लग्नातल्या एका फोटोत मामा एका कडेला उभा आहे. त्याचा हात खांद्याच्या उंचीवर, कुणाला तरी कवेत घेतल्यासारखा.

हाताखाली कुणी नाही.

मी मामीच्या हातचं खाऊन वाढलोय. तिनं मला नाव लिहायला, बुटाची नाडी बांधायला शिकवलं. हे सगळं आठवतं. डोळे मिटून कितीही जोर लावला तरी तिचा चेहरा मात्र येत नाही.

ताईला मुलगी झाली. सुखरूप. आता ती चालायला लागलीये. नाक ताईचं नाही, डोळे दाजींचे नाहीत. घरी येणारा प्रत्येक जण तिला उचलून घेतो आणि हटकून विचारतो, "कुणावर गेलीये हो ही?"

आम्ही एकमेकांकडे बघतो.

कुणालाच सांगता येत नाही.