पाचवा बार

यातला एकही आकडा बनवलेला नाही. ते सगळे शिवगंगानं त्याच जागी, त्याच क्षणी लिहून ठेवले होते, आणि ती अंदाजानं काही लिहिणाऱ्यांतली नाही.

साल १९८३. एप्रिलची अठरा तारीख, सोमवार. भर दुपारची वेळ.

ठिकाण देवणीच्या पलीकडची कोनाळवाडी. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. अर्ध्या फायली अजून उस्मानाबादेतच होत्या. दुष्काळ मात्र नव्या जिल्ह्यात वेळेवर पोचला होता.

शिवगंगा उदगीरची. नांदेडला बी.एस्सी. झालेली. गावच्या विहिरीचं खोलीकरण चाललं होतं, आणि तिथं सुरुंगाच्या वेळा लिहिण्याचं काम तिच्याकडं होतं. वात कधी पेटली, बार कधी उडाला, मधे किती वेळ गेला.

गफूर उस्ताद बार भरायचा. मारोती तळाशी वाती पेटवायचा आणि टोपलीत बसायचा. मग वरचे दोघे यारीचा, काठावरच्या रहाटाचा, दांडा फिरवून त्याला ओढून घ्यायचे. विहीर पन्नास फूट. वर यायला तीन मिनिटं लागायची. वाती अशा कापलेल्या असायच्या की पहिला बार साडेचार मिनिटांनी उडेल.

"म्याडम, घड्याळात बघून बघून पानी लागतंय व्हय?" मारोती हसायचा.

"तू वर आलास का ते बघते."

"न्हाई आलो तर माझी माय तुमच्याच दारात बसंल बघा!"

त्या सोमवारी चार बार भरले. चार उडाले. पारवे भर्रकन विहिरीतून निघाले. धूळ वर आली.

आडोशाला बसलेले सगळे उठले...

आणि पाचवा बार उडाला.

धूळ नाही. दगड नाही. झाडावर बसलेले पारवे हललेसुद्धा नाहीत.

गफूरनं बोटं मोजली. "बाई, कसम से. चारच भरले होते."

शिवगंगानं घड्याळ पाहिलं. वात पेटल्यापासून आठ मिनिटं.

डोंगराचा पडसाद असेल, ती म्हणाली. पण तिथं डोंगर नव्हता.

मंगळवारी पुन्हा चार भरले. पाच उडाले.

पाचवा सहा मिनिटांनी.

बुधवारी मारोती काठावर आला, पायातली चप्पल झटकत होता. पहिल्या बाराला अजून अर्धं मिनिट होतं...

बार उडाला. विहिरीतून काहीच वर आलं नाही.

मग वात पेटल्यापासून बरोबर साडेचार मिनिटांनी खरे चार उडू लागले.

पाचवा आता पहिला झाला होता.

आठ. सहा. चार.

त्या संध्याकाळी शिवगंगानं वहीत तीन आकडे एकाखाली एक मांडले. उद्या दोन. आणि दोन मिनिटांनी मारोती अजून विहिरीत, टोपलीत लटकलेला असणार.

ती सरपंच साहेबरावांकडं गेली. "काम थांबवा. वर साहेबांना कळवते."

"साहेब उस्मानाबादेत का लातुरात, त्येच कुनाला ठावं न्हाई," साहेबराव म्हणाले. "टँकर चार दिसाला येतोय, बाई. लेकरांनी काय तुमची वही प्यावी?"

ती तिथून निघाली. तिनं वातीचं सगळं भेंडोळं आपल्या पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं. वात नाही, म्हणजे सुरुवातच नाही. सुरुवात नाही, तर शेवट कुठून येणार?

गुरुवारी दुपारी पहिल्यांदाच तिला डुलकी लागली.

जाग आली ती बायांच्या आवाजानं. ती विहिरीकडं गेली. मारोतीची आई सरजाबाई काठावर हळदकुंकवाचं ताट घेऊन बसली होती. यारीचा दोर ताणलेला होता.

"आत कोण आहे?"

"मारोती. आज काम बंद हाय न्हवं, म्हनून साती आसरांचं करून घेतलं. त्यांच्या पान्यावर रोज आग ओतून राहिलो आपन. खाली ऊदबत्ती लावून यील आत्ता."

खालून आवाज आला. "लावली गं माय!"

बारा वाजून बारा मिनिटं.

"ओढा!" शिवगंगा किंचाळली. "गफूरभाई, ओढा त्याला!"

"बाई, आज बारूद नाही..."

"ओढा!"

दांडा फिरू लागला. करकर... करकर... तिची नजर सेकंदकाट्यावर होती. एक मिनिट. मारोतीचा पटका दिसू लागला. दीड मिनिट. तो वर बघून हसला.

"म्याडम, आज बी घड्याळ?"

एक पन्नास.

सरजाबाईनं वाकून हात पुढं केला...

दोन.

तो बार सगळ्या गावानं ऐकला.

टोपली वर आली. मारोती बसलेलाच होता. एका हातात दोर. डोळे उघडे. अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही. सुरुंगाच्या दारूचा वास नाही.

फक्त खालून ऊदबत्तीचा वास येत होता.

सरजाबाई रडली नाही. ती शिवगंगाकडं बघून एवढंच म्हणाली, "तुला ठावं हुतं."

गावानं विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकून ती बंद केली. शिवगंगानं नोकरी सोडली. नांदेडला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली. पुढचा आकडा शून्य, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्या विहिरीत आता कोण उतरणार होतं?

मे महिन्यात तिला एक पत्र आलं. पाकिटावर तीन शिक्के. आधी लातूरच्या कचेरीत गेलेलं, तिथून उस्मानाबादला, तिथून पत्ता शोधत नांदेडला. पत्र साहेबरावांचं.

"टँकर बंद झाला. दोन लेकरं दगावली. सोमवारी, सोळा तारखेला, दुपारी बाराला काम धरतो. गफूर स्वतः वात पेटवतो म्हणाला. धोका असंल तर सोमवारच्या आत कळवा. तुमचं पत्र न्हाई आलं, तर धोका न्हाई असं समजू."

शिवगंगानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. बुधवार, अठरा मे. दुपारचे साडेचार.

सोमवारचे बारा वाजून साडेबावन्न तास उलटले होते.

ती तारऑफिसात गेली, फॉर्म घेतला, गावाचं नाव लिहिलं... आणि फाडून टाकला.

पुन्हा पत्र आलं नाही. तिनंही विचारलं नाही. आज ती सत्तरीला टेकली आहे. देवणीकडचं कुणी भेटलं, तर ती गावाचं नाव विचारत नाही. समोरचा आपणहून सांगू लागला, की मधेच उठून आत जाते.