नुसते ओठ हलव

सरका हीटरजवळ, पोरांनो. आणि मधे बोलायचं नाही, मला खपत नाही. ही गोष्ट कुरामोची मास्तरांची. माझा जुना दोस्त. खोटं बोलणं त्याला या जन्मात जमायचं नाही.

गेल्या नोव्हेंबरची बावीस तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेच्या बँडचा कार्यक्रम. सगळी वाद्यं ट्रकमध्ये चढली, एक ट्युबा, तो भलामोठा पितळी भोंगा, तेवढा राहिला. रात्री जेवण उरकून मास्तर एकटाच तो आणायला शाळेत गेला.

ट्युबा चिनात्सुचा, त्याच्या बँडमधल्या एका पोरीचा. तुम्ही कसे कार्यक्रमात मधेच वाद्यं मांडीवर घेऊन सगळे मिळून गाता, तशी तिथंही रीत. पोरगी फुंकायची झकास, पण गायला लागली की बेसूर. त्याच्या आदल्या वर्षी स्पर्धेच्या तोंडावर मास्तर सगळ्यांदेखत म्हणाला, "चिनात्सु, तू आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव." पोरं फिदीफिदी हसली. तीही हसली. "हो मास्तर," म्हणाली. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली बिचारी. नंतर त्या ट्युबाला कुणी तोंड लावलं नाही; कार्यक्रमातही तो नुसता तिच्या खुर्चीवर ठेवायचा होता.

तर मास्तर जिना चढला. बँडच्या खोलीत अंधार होता. आणि आत कुणीतरी गात होतं.

बँडचं तेच गाणं. दबकं... कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ट्युबात तोंड घालून गावं, तसं. आणि चिनात्सु घसरायची, त्याच जागी घसरत होतं.

मास्तरनं दार सरकवलं.

आवाज थांबला.

खोलीत कुणी नाही. खुर्चीवर ट्युबा.

मला म्हणाला, "इसोगाई, भीती नाही रे वाटली. शरम वाटली. मला बघून ती गप्प झाली. अजून माझं ऐकत होती."

त्याला म्हणायचं होतं, चुकलं माझं, गा पोरी. तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसते ओठ हलत राहिले...

वाट पाहिली त्यानं. किती वेळ, ते त्यालाही सांगता येत नाही. खोली गप्पच.

शेवटी खाली मान घालून ट्युबा उचलला. आत काहीतरी खळखळलं. वाजवून झाल्यावर तुम्ही श्वासाचं साचलेलं पाणी काढता ना, तशी त्यानं कळ दाबली. फरशीवर धार पडली.

त्यानं बोट लावून पाहिलं...

कोमट होतं.