एका कानापुरता समुद्र

शेजारी बसलेला माणूस काहीतरी बोलत होता, आणि शर्वाणीला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. मुख्य म्हणजे, आपल्याला ऐकू येत नाहीये हेच तिला ठाऊक नव्हतं.

दुबईतली, अल मनखूलहून जबल अलीला निघालेली कंपनीची सकाळची बस. ऑगस्टचा दमटपणा असा, की एसीनं गार पडलेल्या काचांना बाहेरून घाम फुटला होता. शर्वाणी उजवीकडच्या खिडकीशी बसली होती. डाव्या कानात उठल्यापासून एक बारीक घूंऽऽ चालू होतं. अंघोळीचं पाणी गेलं असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

बस थांबली. ती उठली… आणि तिच्या ओढणीनं शेजाऱ्याच्या हातातला कडक, दुधाळ करक चहा थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतला.

"अहो मॅडम! तीनदा सांगितलं तुम्हाला! ओढणी अडकलीय, सीटखाली ओढणी अडकलीय…"

"कधी सांगितलंत?" ती गर्रकन वळली.

"आत्ता! तुमच्या कानाशी!"

वळल्यावर त्याचा आवाज एकदम मोठा झाला, जणू कुणी दार उघडलं. तिनं पुन्हा मान फिरवली. दार बंद. मग हळूच… नको नको वाटत असताना… तिनं उजव्या कानात बोट घातलं.

इंजिन गेलं. उतरणाऱ्यांचा गलबला गेला. उरलं ते फक्त घूंऽऽ.

तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला त्यानं पाहिला असावा. शर्ट पुसायचं सोडून तो तिच्या समोर येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"डाव्या कानानं… काहीच ऐकू येत नाहीये." बोलून गेल्यावर ते खरं झालं, आणि तिचे डोळे भरून आले. "पाणी गेलं असेल. जाईल दोन दिवसांत."

"दोन दिवस नाही. आज. आत्ता." त्याच्या आवाजात आता राग नव्हता, घाई होती. "घाबरवत नाहीये, पण कान असा अचानक गेला तर थांबायचं नसतं. मी म्युझिक करतो ना, कानांच्या बाबतीत जरा भित्रा आहे. सगळं वाचून ठेवलंय. ऑफिसला फोन करा, टॅक्सी मी बोलावतो."

अशी कुशलशी ओळख झाली. दिवसा तो त्याच कंपनीच्या वेअरहाऊसमध्ये प्लॅनिंग बघायचा, आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राकाठच्या एका कॅफेत संथ इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचा. शर्वाणीला यातलं काही त्या दिवशी कळलं नाही. तिला फक्त टॅक्सीचं दार लावताना त्याच्या शर्टावरचा चहाचा डाग दिसला, आणि काचेपलीकडे हललेले ओठ. काय म्हणाला ते कळलं नाही. तो डाव्या बाजूला उभा होता.

डॉक्टर शांत होते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. कानाच्या आतल्या नसेला मार बसलाय, म्हणाले. कारण बहुतेकदा सापडत नाही. गोळ्या लगेच सुरू करू. काहींचं ऐकू येणं परत येतं, काहींचं अर्धंच येतं, काहींचं… त्यांनी वाक्य तिथंच ठेवलं. शिवाय एक एमआरआय करून घ्यायचा. "नसेवर गाठ वगैरे नाही ना, एवढंच बघायला. रूटीन आहे."

गाठ. त्या शब्दानंतरचं ती काही ऐकू शकली नाही, चांगल्या कानानंसुद्धा.

घरी आई डबे भरत होती. तिच्या, म्हणजे साधनाताईंच्या, डब्यांना अल मनखूलमध्ये मोठी मागणी. स्वयंपाकघरात दिवसभर ओट्यावर पोळ्यांची चळत. सगळं ऐकून ती लाटणं हातात घेऊनच खाली बसली.

"अगं पण सर्दी असेल! मला नाही का व्हायचं, कानांना दडे बसायचे…"

"आई, या बाजूनं बोल ना."

आई उठली. दुसऱ्या बाजूला आली. आणि आपले पिठाचे हात शर्वाणीच्या डोक्यावर नुसते ठेवून राहिली.

त्या दिवसापासून शर्वाणीला एक सवय लागली. थोड्या थोड्या वेळानं उजव्या कानापाशी दोन बोटं एकमेकांवर घासायची. सुर्र-सुर्र. ऐकू येतंय. अजून आहे. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, जेवताना… हासुद्धा गेला तर? एक सकाळ पुरते, हे आता तिला माहीत होतं.

बसमध्ये कुशल न विचारता तिच्या उजवीकडे बसू लागला. त्यासाठी तिला उजवीकडची खिडकी सोडून डावीकडच्या एकेकट्या सीटच्या रांगेत बसावं लागायचं, आणि तो पॅसेज ओलांडून पलीकडच्या सीटवर. मध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डबे दोघांच्या गुडघ्यांना लागायचे.

"शर्टाचा डाग गेला?" तिनं एकदा विचारलं.

"नाही. ठेवलाय. तुमची पहिली भेट आहे ती."

"फारच स्वस्तातली भेट."

"मग दुसरी महागडी द्या." तो हसला. मग एकदम गंभीर. "आणि मला अहो-जाहो नको. बस रोजची आहे."

"मलाही नको."

"बरं. मग… आज बोटं किती वेळा घासलीस?"

तिनं चमकून हात खाली घेतला. त्यानं पाहिलं होतं. इतके दिवस पाहत होता.

त्यानं अल्बम केलाय, हे तिला ऑफिसातल्या झाराकडून कळलं. त्यानं स्वतः तो विषय तिच्यासमोर कधीच काढला नव्हता, आणि का काढला नव्हता ते समजल्यावर तिला रागच आला.

"मला ऐकव," ती म्हणाली.

"शर्वाणी… नको. बरी हो, मग."

"नाही झाले तर?"

त्यानं खिशातून इअरफोन काढले.

अल्बमचं नाव 'खारा वारा'. तासाभराचा एकच सलग प्रवाह. एक तुकडा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळूच नये, असा. "यावर नाचायचं नाही," तो म्हणाला. "खांदे सोडायचे, बस्स." सुरुवातीला एक ठोका, इतका सावकाश, की दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास घेऊन सोडता यावा. मग खाडीतल्या अब्रा बोटीच्या इंजिनाची टुकटुक. बंदरातल्या क्रेनची पिप-पिप, पण ताणून ताणून तिचा पार बासरीसारखा सूर केलेला. मग पियानोचे ओले, दूरचे स्वर…

शर्वाणीचे खांदे खरंच सुटले. कितीतरी दिवसांनी.

आणि मग लाट आली. कुठून आली ते कळलं नाही. मध्येच, अर्ध्यावरच उगवली, उजवीकडे फुटली आणि संपली. पुन्हा आली. पुन्हा तशीच, अर्धी. एका बाईचं गुणगुणणं आलं, वाक्याच्या मध्येच तुटलं, आणि जिथं तुटलं तिथं फक्त घूंऽऽ होतं. हे संगीत पूर्ण आहे, हे तिला समजत होतं. अर्धी ती होती.

तिनं इअरफोन काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"लाट डावीकडून उजवीकडे जाते, हो ना?"

त्यानं मान हलवली. त्याचा चेहरा पडला होता.

"माझ्याकडे ती मध्येच जन्माला येते, कुशल." आणि मग ते बाहेर पडलंच. "मला खूप भीती वाटते. त्या मशीनची, त्यात काय दिसेल त्याची, या कानाची. सगळे म्हणतात रूटीन आहे. कुणाचं रूटीन?"

तो 'घाबरू नकोस' म्हणाला नाही. "मी येऊ तुझ्याबरोबर?" एवढंच म्हणाला.

एमआरआयच्या दिवशी आई वेटिंग रूममध्ये देवाचं नाव घेत बसली होती आणि कुशल कॉरिडॉरमध्ये उभा. शर्वाणीनं अंगावरचं सगळं काढून ठेवलं: बांगडी, कानातली, घड्याळ. निळ्या गाऊनमध्ये ती शाळकरी मुलीएवढी दिसत होती.

"आत म्युझिक लावतात, मी फोन करून विचारलं होतं," तो म्हणाला. "आतल्या सिस्टरकडे फोन दिलाय माझा. अल्बम पुन्हा केलाय. दोन्ही बाजूंचं सगळं एकाच बाजूला आणलं. लाट आता प्रवास नाही करणार. पण… पूर्ण येईल."

तिनं मान हलवली आणि आत गेली.

टेक्निशियन उर्मिला गुजराती होती, हसतमुख. "डरना मत. हिलना नहीं, बस. ये बल्ब हाथ में रखो, घबराहट हो तो दबाना." तिनं हेडफोन चढवले, चेहऱ्यावर जाळी लावली, आणि पाठीखालचा पलंग आत सरकू लागला.

छत नाकापर्यंत आलं. शर्वाणीनं डोळे घट्ट मिटले. ठोका सुरू झाला, तो सावकाश ठोका. मग अब्राची टुकटुक… आणि मग मशीन कडाडलं.

धड-धड-धड-धड! कुणी पत्र्याच्या छपरावर हातोडे घालत असावं तसं. संगीत त्याखाली गाडलं गेलं. ठोका नाही, पियानो नाही, काही नाही. तिच्या मुठीत रबरी बल्ब घामानं निसरडा झाला. दाबू? दाबलं तर बाहेर काढतील. दाबलं तर पुन्हा यावं लागेल. छातीवर कुणी बसलं होतं. गाठ दिसत असेल का आत्ता, काचेपलीकडे, पडद्यावर? पांढरी, गोल? उर्मिला हसायची थांबली असेल का?

बोट बल्बवर टेकलं.

मशीन थांबलं, पुढच्या फेरीआधी क्षणभर. आणि त्या शांततेत लाट आली. पूर्ण. दूरवरून निघाली, जवळ आली, चढली, फुटली, वाळूत विरली, सगळी एकाच कानात. पाठोपाठ ती बाई गुणगुणली, आणि यावेळी वाक्य तुटलं नाही.

मशीन पुन्हा कडाडलं. पण आता तिला माहीत होतं, की त्या आवाजाखाली संगीत थांबलेलं नाही. ते चालूच आहे. फक्त वाट पाहायची. तिनं बोट काढलं, आणि वाट पाहिली.

गाठ नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई रडली आणि मग लगेच त्यांनाच डब्यात पुरणपोळी पाठवते म्हणाली. शर्वाणीनं कुशलला मेसेज केला: 'काही नाही निघालं.' त्याचं उत्तर आलं: 'मी इथे वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्टवाल्या हमीदला मिठी मारली. तो घाबरलाय.'

ती हसली. आणि हसता हसता लक्षात आलं, की हा मेसेज वाचायची तिला केवढी घाई झाली होती.

मग एक नवीनच भीती आली, आणि ही पहिल्यापेक्षा चोरटी होती. एका सकाळी आईच्या कुकरची शिट्टी झाली, आणि शर्वाणी दचकून डावीकडे वळली. डावीकडे! आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, चिरका, लांबचा… पण होता. तिनं उजवा कान बंद करून बोटं घासली. सुर्र. अगदी बारीक. तिनं आईला गदागदा हलवून सांगितलं, दोघी ओट्याशीच रडल्या.

कुशलला मात्र तिनं सांगितलं नाही.

तो काळजीवाहू माणूस आहे. कुणाचाही कान गेला असता तर त्यानं टॅक्सी बोलावलीच असती. आता कान बरा झाला, म्हणजे काम संपलं. त्यानं पुन्हा कुठल्याही सीटवर बसून चहा प्यायचा. एवढ्या दिवसांत त्यानं तिचा हात एकदाही धरला नव्हता. मग नक्की काय होतं हे? दया? तिला विचारायची हिंमत नव्हती. म्हणून ती रोज कान बरा नसल्यासारखी मान वळवून ऐकत राहिली, आणि रोज स्वतःची लाज वाटून घेत राहिली.

त्या दिवशी बस भरलेली होती. शर्वाणीला पुन्हा उजवीकडची खिडकीच मिळाली होती, आणि एकच जागा रिकामी होती, तिच्या डावीकडची. कुशल घुटमळला, 'सॉरी' म्हणून कानाकडे बोट दाखवलं, आणि बसला. बोलायचा प्रश्नच नव्हता. ती खिडकीबाहेर बघू लागली. काचेवर घामाचे ओघळ, पलीकडे धूसर मेट्रोचे खांब.

बराच वेळ गेला. मग डावीकडून, पत्र्याच्या डब्यातून, हलकासा आवाज आला.

"शर्वाणी…"

ती वळणार होती. पण आवाज तिला हाक मारत नव्हता. तो स्वतःशीच बोलत होता, तिला ऐकू येणार नाही या भरवशावर.

"या बाजूनं किती सोपं आहे बोलायला… त्या बाजूनं जीभच वळत नाही. तुझा कान बरा व्हावा म्हणून रोज देवाला सांगतो, आणि मग भीती वाटते. तू बरी झालीस, की तुला माझी गरज काय? मला मात्र तू…"

पुढे नुसता श्वास.

शर्वाणीचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं, की तिला वाटलं, आता हे दोन्ही कानांनी ऐकू येतंय. बल्ब दाबायचा तो क्षण पुन्हा समोर उभा होता. हलू नये, बोलू नये, गप्प राहिलं तर काहीच मोडणार नाही. पण काहीच सुरूही होणार नाही.

ती खिडकीकडेच बघत म्हणाली, "पुढचं?"

डावीकडे सगळं थिजलं.

"…काय?"

"'मला मात्र तू…' याच्या पुढचं. वाक्य तुटलं तर मला आवडत नाही."

"तुला… तुला ऐकू येतंय?"

"थोडं. चिरकं. गेल्या आठवड्यापासून." तिनं वळून पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. "सांगितलं नाही, कारण तू उठून जाशील म्हणून घाबरले होते. वाटलं, तुला नुसती दया येतेय."

"मी? उठून? अगं, पॅसेज ओलांडून बोलता बोलता माझी मान लचकलीय! दया म्हणून कुणी मान लचकवून घेतं का?"

"मग बोल ना."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या सीटवर झारा कान टवकारून बसली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कुशलनं पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा तिच्याइतकाच घामेजलेला होता.

"मला तू हवीयेस. एका कानाची, दोन कानांची… कशीही. आवडतेस तू मला. खूप. आणि हे बोलताना मला भयंकर भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली. "मलाही तूच हवायस."

बस कधी थांबली, दोघांनाही कळलं नाही. सगळे उतरून गेले होते. पुढून ड्रायव्हर ओरडला, "मॅडम! सर! यल्ला, चलो! खलास! डेपो में जाना है क्या?"

झारा दाराशी उभी राहून हसत होती. बाहेर भट्टीसारखी ऊन हवा होती, गेटवर कार्ड दाखवायची रांग होती, आणि दोघांना उशीर झाला होता. शर्वाणी उतरली. हात मात्र तिनं गेटपर्यंत सोडला नाही.