पाणी कुठवर येतं?

तिरुवैयारुच्या अलीकडे, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या एका गावरस्त्यावर ओढ्याची जुनी मोरी होती. सिमेंटचे दोन अरुंद नळ आणि वर खचलेला रस्ता. ओढा भरला की नळांच्या तोंडाशी जलपर्णी अडकायची आणि पाणी रस्त्यावरून वाहायचं. शाळेची पोरं मग चपला हातात घेऊन, एकमेकांना धरून पलीकडे जायची.

ही मोरी बदलायचं काम रस्ते खात्यातल्या इंजिनीअर दिव्यश्रीकडे आलं, तेव्हा तिच्या मामांना, हनुमंतरावांना, कोण आनंद झाला! तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे हनुमंतराव जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले होते. भाचीच्या नकाशातली रेघन् रेघ त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिली. नळांच्या जागी काँक्रीटची रुंद, चौकोनी मोरी; जलपर्णी न अडकता निघून जाईल एवढी. पाटबंधारे खात्याची परवानगीही आली होती. मेट्टूर धरणाचं पाणी जूनमध्ये ओढ्यात यायच्या आत काम उरकलं पाहिजे. नाहीतर पोरांच्या चपला आणखी एक वर्ष हातात.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मामा-भाची स्कूटरवरून जागेवर गेली. ओढा ठणठणीत कोरडा. पोरं लगेच जमली, कारण मामांच्या पिशवीत नेहमी काहीतरी असायचं. आज पारदर्शक नळी निघाली. मामांनी तिच्यात पाणी भरलं.

"एक टोक तू धर, एक तू. आता तू वर कर. काय झालं?"

"दोन्हीकडं सारखंच राहतंय, तात्ता!" पोरं मामांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायची.

"बघ की! मधे झाड असू दे, भिंत असू दे, पाणी आपली पातळी बरोबर ओळखतं."

दिव्यश्री तोवर चहाच्या टपरीवरच्या राजमक्कांशी बोलत होती. पुराची पातळी कागदावर असली, तरी ती गावात विचारायची. "अक्का, इथं पाणी कुठवर येतं?"

राजमक्कांनी पायरीवर उभ्या उभ्या कमरेला हात लावला. पलीकडे उंच बांधावर एक शेतकरी होता, त्यानं गुडघा दाखवला.

"ऐका मामा," दिव्यश्री हसली. "एकीची कंबर, एकाचा गुडघा. पूर काय माणूस बघून येतो?"

"अगं, दोघं एका उंचीवर उभी आहेत का? नळी लाव."

नळी लावली. कंबर आणि गुडघा एकाच पातळीत होते, बोटभरही फरक नाही. आणि ती पातळी मंजूर नकाशातल्या नव्या रस्त्याच्या वर होती.

"एवढं पाणी कधी आलं होतं, अक्का?"

"आलं कुठं? अजून यायचंय," राजमक्का म्हणाल्या आणि दुधाच्या पातेल्याकडे वळल्या.

मामांनी हसण्यावारी नेत पोरांना तोच प्रश्न विचारला. पोरं काठाच्या उतारावर वरखाली उभी होती. कुणी छातीला हात लावला, कुणी गळ्याला. सगळ्यांत खाली पहिलीतली कीर्तना होती. तिनं हात डोक्याच्या वर आडवा धरला.

नळीतलं पाणी प्रत्येक हाताशी येऊन थांबत होतं.

निघताना मामांना काठावरच्या चिंचेच्या कोरड्या बुंध्यावर त्याच उंचीला ओली रेघ दिसली. नळी सांडली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. रेघ बुंध्याला पूर्ण वेढा घालून गेली होती.

दिव्यश्रीनं सही झालेला नकाशा मागे घेतला. "पुरावा काय?" वरिष्ठांनी विचारलं. पोरांनी हात दाखवले, असं कसं सांगणार? तिनं जलपर्णीचा हिशेब मांडला, तुंबणाऱ्या पाण्याचा मांडला, रस्ता त्या रेघेच्या वर नेला, दोन्हीकडचा चढ बसगाडीला सोसेल असा हळुवार केला. कचेऱ्यांमधल्या बाकांवर दिवसच्या दिवस बसली. परवानगी पुन्हा मिळाली. पंगत बसता बसता शेवटचं पान वाढून व्हावं, तशी मोरी पाण्याआधी जेमतेम पुरी झाली.

"माझ्या शेकडो विद्यार्थ्यांत असं काम कुणी केलं नाही," मामा म्हणाले.

पाणी आलं त्या सकाळी सगळं गाव लोटलं. गढूळ, फेसाळ पाणी नव्या मोरीतून सळसळत गेलं, रस्त्याच्या कितीतरी खालून. बायकांनी कठड्यावरून फुलं सोडली. पोरं चपला घालून पुलावर नाचत होती.

मामांनी कौतुकानं नळी काढली. "आता सांगा बघू, पाणी कुठवर येतं?"

सगळी खाली बोट दाखवतील, असं त्यांना वाटलं होतं.

कीर्तनानं हात डोक्याच्या वर आडवा धरला.

"नाही बाळा, तेव्हा तू खाली उभी होतीस. आता वर आलीस ना?"

तिनं हात खाली घेतला नाही.

शेजारच्या मुलीचा हात कानाशी गेला. तिच्या शेजारच्याचा गळ्याशी. टपरीकडून आलेल्या राजमक्कांचा छातीशी. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांची एक सरळ रेघ झाली. नळीची गरजच नव्हती.

"मामा," दिव्यश्री हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचा हात."

हनुमंतरावांनी खाली पाहिलं. नळी डाव्या हातात होती. उजवा हात त्यांच्या छातीशी आडवा होता, तळवा खाली करून.

तो त्यांनी सावकाश उलटा केला. तळवा ओला होता.