कंट्रोलची कोमट बाटली

एक होता जनावरांचा डॉक्टर, एक होती त्याची बायको. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. तो चिरफाड करायचा, टाके घालायचा. ती मागच्या खोलीत यंत्रावर रक्त तपासायची.

जनावरांचं रक्त तपासण्याआधी रोज सकाळी यंत्राची परीक्षा घ्यायची, असा नेम. त्यासाठी फ्रीजमध्ये कंट्रोलची बाटली असे. तिच्यातल्या रक्ताचा आकडा आधीच ठाऊक. यंत्रानं तोच सांगितला तर यंत्र खरं बोलतंय. नाही सांगितला तर थांबायचं, यंत्र धुवायचं.

एका सकाळी यंत्र आकडा फुगवून सांगायला लागलं. त्यात बाहेरून नवऱ्याचा तगादा.

"झालं का गं? माळीबाबांच्या कुत्रीच्या पोटात पू झालाय, खोळंबून चालायचं नाही!"

"आलेच हो!" म्हणत तिनं कंट्रोल पुन्हा घातलं. परत घातलं. कसाबसा एकदा आकडा जुळला, तशी ती पुढं सरकली. कुत्रीच्या अंगात रक्त भरपूर आहे, असं यंत्र म्हणालं. तिनं तसंच सांगितलं.

कुत्री ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही.

मग तिनं यंत्र धुतलं, नळीत उरलेलं रक्त पुन्हा तपासलं. आकडा पाच, हवा होता निदान बारा. बिचारीच्या अंगात रक्तच नव्हतं! तिनं नळी मोरीत ओतली आणि गप्प बसली. बाहेर म्हातारे माळीबाबा तिच्याच नवऱ्याची पाठ थोपटत होते. "डॉक्टर, तुम्ही कशाला रडता? तिचं आयुष्यच तेवढं." तिला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

नवऱ्यानं पुन्हा कात्री उचलली नाही. "माझा हात गेला," एवढंच म्हणायचा आणि चिरफाडीला आलेलं जनावर दुसरीकडे धाडायचा.

आणि ती बाटली... फ्रीजमधून काढली तर कोमट. शेजारच्या लसी गारठलेल्या, हीच तेवढी जित्या अंगासारखी. यंत्रात घातली. आकडा आला पाच. नवी बाटली फोडली. तीही कोमट, तीही पाच. खोलीभर ओल्या केसांचा वास.

"कंट्रोल आलं का गं?" नवरा दारातून विचारायचा.

"आलं," ती मान वर न करता म्हणायची. आणि जनावरांचं रक्त गुपचूप दुसऱ्या दवाखान्यात नेऊन तपासून आणायची.

एका दुपारी वीज गेली. औषधं बर्फात ठेवायला नवऱ्यानंच फ्रीज उघडला.

"अगं... ही गरम कशी?" त्यानं कंट्रोलची बाटली मुठीत धरली होती. "आणि आत... धडधडतंय काहीतरी... हात लावून बघ..."

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तुमचा हात नाही हो गेला," ती पुटपुटली. "यंत्र चुकत होतं. मला कळत होतं... तरी मी रेटलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि मला रडू दिलंस?"

"हो."

बाटली त्याच्या मुठीत हळूहळू गार पडली.

त्याच संध्याकाळी दोघं माळीबाबांच्या दारात गेले. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण आत या म्हणाले नाहीत. "ऐकलं, ताई. आता जा," म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. ती खाली मान घालून परतली.

पुढं डॉक्टरनं कात्री हातात घेतली. हाताला असं यश आलं, की लांबलांबून लोक जनावरं घेऊन यायला लागले. कंट्रोलही रोज बरोबर येतं. वरच्या बिऱ्हाडात पुन्हा हसणं ऐकू येतं.

फक्त दवाखान्यात येणारे कुत्रे... मागच्या खोलीत शिरले, की यंत्रापुढच्या रिकाम्या फरशीला वळसा घालून जातात. आणि जाताजाता तिकडं बघून शेपटी हलवतात.