रिकाम्या गाडीचं वजन

जुन्या गाड्या तपासून त्यांची किंमत ठरवून देणं हा माझा धंदा. २००१ च्या ऑक्टोबरात कळंब्याच्या काशिफ मुल्लानं मला बोलावलं. पत्र्याच्या शेडमध्ये चोपन्न सालची पिकअप उभी होती. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, दस्तगीरची. दोन वर्षांपूर्वी दोघं भाऊ काजू आणायला चंदगडला गेले आणि काशिफ एकटाच गाडी घेऊन परतला. "गोव्याकडं पळाला," एवढंच त्यानं सगळ्यांना सांगितलं.

आता पुण्याच्या एका शौकिनाला ही गाडी हवी होती.

चासीचा नंबर घासून वाचला, इंजिनाचा वाचला. दोन्ही आरसी बुकाशी जुळले. तीन गिअर, सहा सिलिंडर. मागचा, माल भरायचा हौदा मात्र नंतर बसवल्यासारखा वाटला.

"हौदा मूळचाच हाय की," काशिफ म्हणाला.

दस्तगीरची बायको शमशाद दारात उभी होती.

हौदा मूळचा असेल, तर वजन बुकाशी जुळायला हवं. बिद्री रस्त्यावर उसाच्या गाड्या तोलायचा एक खासगी काटा होता. पिकअप मी चालवली, शमशादभाबी हौद्यात बसल्या, काशिफ स्कूटरवरून मागोमाग आला. काट्यावर आम्ही दोघंही उतरलो. स्टेपनी, जॅक, अवजारं काढून ठेवली.

बुकात चौदाशे दहा किलो. काट्यावर चौदाशे पंचाहत्तर.

"आत कोण बसलंय व्हय?" काटेवाल्या कृष्णातनं विचारलं.

कोणी नव्हतं. मी सीट उचलून पाहिली. कृष्णातनं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि वीस-वीस किलोची मापं ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. गाडी परत चढवली. चौदाशे पंचाहत्तर.

हौदा जड म्हणावा, तर मागचे स्प्रिंगचे पाटे सारखे होते. पुढचा, डाव्या बाजूचा पाटा तेवढा दबला होता. ड्रायव्हरशेजारी माणूस बसल्यावर दबतो तसा.

"किती जास्त?" शमशादभाबींनी विचारलं.

"पासष्ट."

त्यांनी मान हलवली. जणू आकडा त्यांना ठाऊकच होता.

"काटा बाद हाय," काशिफ ओरडला. "बुकातलं वजन लिवा, सायेब."

मी लिहिलं. पुण्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि खोलात शिरायची माझी हिंमत नव्हती. त्या ओळीखाली माझी सही आहे.

शमशादभाबी डाव्या खिडकीशी गेल्या. घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "उतरा आता. गाडी इकली त्यानं."

पाटा करकरला.

दार उघडलं नाही.

आकडा चौदाशे दहावर आला.

कृष्णात खुर्चीवरून उठला. काशिफ स्कूटरकडं गेला, बसला. किक मारायच्या आत मागचं चाक आणखी खाली दबलं.

त्यानं वळून पाहिलं नाही. सीटवर जरा पुढं सरकला, इतकंच.