सुतळीच्या सकाळी

“अहो सायकलवाल्या बाई, थांबा! तिचे पाय जातील!”

धुक्यातून एक उंच माणूस दोन्ही हात पसरून माझ्या सायकलीसमोर आला. मी ब्रेक दाबला. पट्ट्याला बांधून बाजूने पळणारी कुत्री, सुतळी, मात्र कशाला थांबते! पट्टा ताणला गेला, सायकल कलंडली आणि मी रस्त्यावर बसकण मारली.

“तिचे नाही, माझे गेले,” मी गुडघा चोळत म्हणाले.

त्याने आधी सुतळीचा पट्टा पकडला, मग मला हात दिला. हा क्रम माझ्या लक्षात राहिला.

“वय काय?”

“माझं की हिचं?”

“ज्याचं सांगायला हरकत नसेल त्याचं.” ओठ गंभीर होते, पण डोळे हसत होते.

“हिला अजून वर्ष व्हायचंय.”

“म्हणजे लेकरूच की! आणि तुम्ही तिला डांबरी रस्त्यावर सायकलीबरोबर पळवताय? हाडं कच्ची असतात या वयात. उंची वाढली म्हणून आतून तयार झाली असं नसतं.”

“ग्रेहाउंड आहे ती. पळायलाच जन्मली आहे.”

“पळायला जन्मलेल्यांनाच जास्त जपावं लागतं,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता. मग त्याने रस्त्यापलीकडच्या शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवलं. “तिथे मी मुलांना पळायला शिकवतो. मागच्या बाजूला जाळी लावलेला तुकडा आहे, मऊ गवताचा. मुलं येण्याआधी मोकळाच असतो. उद्या आणा हिला.”

“आणि नाही आणलं तर?”

“तर परवा पुन्हा सायकलीसमोर उभा राहीन.”

सुतळी खरं तर माझी नव्हतीच, दादाची होती. हौसेने पिल्लू आणलं आणि मग घरात बाळ आलं. बाळ रडलं की सुतळी बिथरायची, सुतळी उड्या मारायला लागली की वहिनी. “चार दिवस सांभाळ गं,” म्हणून दादाने तिला माझ्याकडे सोडलं, आणि ते चार दिवस संपायचं नाव घेईनात. माझ्या दोन खोल्यांत तिने चपला खाल्ल्या, उशी फाडली, आणि मांजर दिसलं की खिडकीतून उडी टाकायची तयारी. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. कोणीतरी म्हणालं, दमव तिला. म्हणून ती सायकल.

माझं काम कवळ्या बनवायचं. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी प्लॅस्टरचे जबडे ओतते, मेणात दात बसवते, गुलाबी हिरड्या घासूनपुसून चकचकीत करते. दिवसभर समोर जबडेच जबडे, पण बोलणारं तोंड एकही नाही. संध्याकाळी कुलूप लावताना कधीकधी लक्षात यायचं, आज आपण कोणाशी एक शब्द बोललो नाही. दादाचा फोन यायचा, पण त्यातही प्रश्न एकच... “सुतळी काय म्हणते?”

दुसऱ्या दिवशी मी गेले. गुडघ्याला पट्टी बांधून, आणि केस नीट विंचरून. का विंचरले, ते स्वतःला विचारलं नाही.

मुलं त्याला ‘सर’ म्हणायची, मीही म्हणायला लागले. सरांनी आधी जाळी फिरून पाहिली, कुठे भोक आहे का, खाली काच पडली आहे का. मग सुतळीला पट्ट्यावर सावकाश फिरवलं.

“एकदम सोडायचं नाही. अंग तापू दे. पोटात नुकतंच खाल्लेलं नाही ना?”

“नाही. माझ्याही नाही.”

“तुम्हाला मी अजून पळवत नाहीये.” त्याने लांब दोर काढला. “हा गळ्यात बांधायचा नाही, छातीच्या पट्ट्याला लावायचा. ही क्षणात वाऱ्यासारखी सुटते. दोर संपला आणि मान झटक्यात मागे ओढली गेली, तर कायमचं दुखणं.”

दोर लावून बोलावणं शिकवायचं होतं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. आधी मी हाक मारायची, आली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग त्याने. ती कितीही उशिरा आली तरी रागवायचं नाही, हा त्याचा सगळ्यात कडक नियम.

“उशिरा आल्याबद्दल ओरडा मिळाला, तर पुढच्या वेळी ती येणारच नाही.”

“तुम्हाला कोणी उशिरा आल्याबद्दल ओरडलंय का?”

“मला लवकर पोचायला लावलं,” तो म्हणाला आणि दोराची गाठ तपासायला वाकला.

पुढे एका सकाळी आपणहून बोलला. वडीलच त्याचे प्रशिक्षक होते. शाळकरी वयात सगळ्या शर्यती जिंकत होता, म्हणून आणखी पळ, आणखी पळ. गुडघा दुखतो म्हटलं तर कारणं सांगू नकोस. मिसरूड फुटायच्या आधी गुडघा कामातून गेला. वडील त्यानंतर त्याच्याशी फारसं बोललेच नाहीत. आता ते नव्हते, आई बहिणीकडे असायची. “घरी गेलं की रेडिओ लावतो,” तो म्हणाला. “ऐकत नाही... नुसता लावतो.”

मला म्हणायचं होतं, मीसुद्धा. पण मी सुतळीच्या कानाशी खेळत राहिले.

काही आठवड्यांत दोर सुटला. पहिल्यांदा सुतळीला जाळीच्या आत मोकळं सोडलं, तेव्हा मी बघतच राहिले. पाठ धनुष्यासारखी वाकत होती, चारही पाय जमिनीवरून सुटत होते... ती पळत नव्हतीच, जणू कोणी तिला फेकत होतं. आणि मी हाक मारल्यावर ती वळली. एवढ्या वेगातून, माझ्यासाठी वळली! माझ्या मांडीवर डोकं आपटून धापा टाकत उभी राहिली.

“बास. आता पुरे,” तो म्हणाला. “अजून हवंय असं वाटतं तिथेच थांबायचं.”

“हे कुत्र्यांसाठी की माणसांसाठी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग जाळीचं दार उघडायला गेला, आणि कडी त्याला पटकन सापडेना.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. नवं घर घेतलंय, मागे अंगण आहे, बाळही आता रांगायला लागलंय. “रविवारी सुतळीला न्यायला येतो. सुटलीस बघ तू!”

मी “हो” म्हणाले. दादाचीच तर होती ती.

सरांना सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज अंड्याचे तुकडे करता करता शब्द गिळायचे. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बरं झालं, अंगण आहे. आणि मग मी काय म्हणणार होते? शनिवारी निघताना तो म्हणाला, “भेटू.” मीही म्हणाले, “भेटू.”

रविवारी सुतळी गाडीत चढेना. दादाने ओढलं, वहिनीने बिस्किट दाखवलं. तिने चारही पाय रोवले आणि माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मीच मागच्या सीटवर जाऊन बसले आणि हाक मारली. तशी आली, एका उडीत. माझ्या मांडीवर डोकं आपटलं. मी तिच्या तोंडात अंड्याचा तुकडा दिला आणि दुसऱ्या दाराने उतरून दार लावलं.

काचेला तिचं नाक टेकलेलं होतं. तिला वाटत होतं, मी खेळतेय.

त्यानंतर मी मैदानावर गेलेच नाही. कोणत्या तोंडाने जाणार? कुत्रं नाही, तिथे काम नाही. पहाटे जाग यायची, मी पडून छताकडे बघायचे. मग उठून जबडे ओतायचे. एका संध्याकाळी कवळी घासताना कळलं, की ती कधीच चकचकीत झाली आहे आणि मी उगाच घासते आहे. तशीच उठले, हात धुतले आणि चालायला लागले.

मैदानावर मुलांचा संध्याकाळचा सराव संपत आला होता. मला पाहताच तो मुलांना सोडून तडक माझ्याकडे आला. जवळजवळ पळतच, दुखरा गुडघा विसरून.

“कुठे लागलं तिला? पाय मोडला का?”

“नाही... ती बरी आहे. दादाकडे गेली. कायमची.”

तो मटकन पायऱ्यांवर बसला. “मी गावातले सगळे प्राण्यांचे दवाखाने पालथे घातले. ग्रेहाउंड आणली होती का कोणी, विचारत फिरलो. तुमचं घर माहीत नाही, नंबर घेतलेला नाही. रोज भेटतो म्हणून कधी गरजच वाटली नाही.”

“एका कुत्रीसाठी एवढं?”

“कुत्रीबद्दल विचारत होतो,” तो हळूच म्हणाला. “कुत्रीसाठी नाही.”

इतके दिवस कोरडे राहिलेले माझे डोळे तेव्हा भरून आले. मी त्याच्या शेजारी बसले आणि रडले. सुतळीच्या काचेला टेकलेल्या नाकासाठी, माझ्या त्या मुक्या खोलीसाठी. लांबून मुलं बघत होती, त्यांना त्याने हातानेच घरी पिटाळलं.

“रडून झालं की सांगा,” तो म्हणाला.

“का?”

“मला काहीतरी बोलायचंय. रडणाऱ्या माणसाला ते सांगितलं, तर दयेने बोलतोय असं वाटेल.”

मी ओढणीने नाक पुसलं. हसूही यायला लागलं होतं. “झालं. बोला.”

“तुम्ही... म्हणजे तुम्ही येत नव्हतात, तेव्हा...” त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली. “मला तुम्ही रोज हव्या आहात. फक्त सकाळीच नाही. तुम्हाला जर...”

एवढा मोठा माणूस, मैदानभर घुमणारा त्याचा आवाज, आणि आता एक वाक्य धड पुरं होईना. मी त्याचा हात हातात घेतला. तळव्याला मैदानाची माती लागलेली होती, माझ्या बोटांच्या पेरांत प्लॅस्टर होतं.

“आधी ते ‘तुम्ही’ सोड,” मी म्हणाले. “मग पुढचं सांग.”